मास्क न काढलेले आठ दिवस

शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या पहिल्या थंडीत एका सकाळी चूळ भरताना माझ्या तोंडातलं पाणी डाव्या बाजूने आपोआप बाहेर आलं. वाटलं, झोप उतरली नसेल. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटत नव्हता आणि ओठाचा डावा कोपरा कुणीतरी दोरी सोडून दिल्यासारखा खाली आला होता. नवऱ्याला हाक मारली, तीही नीट आली नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरायचं कारण नाही, चेहऱ्याची नस सुजते कधी कधी, बहुतेकांचं बरं होतं. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं; रोज पहाटे स्कूटरवरून कडावच्या पुढं जायचं म्हणजे लागणारच. मी गोळ्या घेतल्या, दहा दिवस रजा टाकली आणि शाळेत 'ताप आला होता' एवढंच कळवलं. दिवसातून चार वेळा आरशासमोर उभी राहून गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचा, आ-ई-ऊ म्हणायचं. महिन्याभरात डोळा मिटायला लागला. गालही बराचसा जागेवर आला. ओठाचा कोपरा मात्र पूर्ण आला नाही. गप्प असले की कळायचं नाही. बोलायला लागले की तोंड उजवीकडे ओढलं जायचं, आणि हसले तर फारच.

मी काही रूपवान बाई नव्हते. पण अठरा वर्षं मुलांसमोर गोष्टी सांगत, कविता म्हणत उभी राहिलेली होते. शिक्षिकेचं सगळं दुकान तोंडावरच असतं. ते तोंड आता कुणाला दाखवायचं नाही, असं मी ठरवलंसुद्धा नाही. ठरवायची वेळच आली नाही, कारण मास्क सक्तीचा होता. सगळेच लपलेले होते, त्यात मी एक.

मग पाडव्याच्या सुमाराला बातमी आली की निर्बंध उठले, मास्क आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमची शाळा दोन शिक्षकांची. मी आणि एक सर. सरांनी त्याच दिवशी मास्क काढून ऑफिसातल्या खिळ्याला टांगला आणि म्हणाले, "सुटलो बुवा! दोन वर्षं स्वतःचाच वास घेत जगलो." मुलांनी मास्क बोटावर गरगर फिरवले, दोन-चार पत्र्यावर फेकले. मी माझा तसाच ठेवला.

"बाई, तुम्ही नाही काढत?" सरांनी विचारलं.

"राहू दे थोडे दिवस. मुलं आहेत समोर. कशाला उगाच धोका?"

हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की माझं मलाच खरं वाटलं. सरांनी मान डोलावली. पुढे पालकांमध्ये ते माझं कौतुक करायला लागले, आमच्या बाई फार जबाबदार. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा अख्ख्या गावात दोनच मास्क उरले होते. एक माझा आणि एक अंगणवाडीच्या सेविकाताईंचा.

अंगणवाडी आमच्याच आवारात, एका भिंतीपलीकडे. सेविकाताईंच्या नवऱ्याला मूत्रपिंडाचा आजार होता, आठवड्यातून दोनदा पनवेलला न्यावं लागायचं. साधी सर्दीही घरात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गावातल्या बाया त्यांना हसायच्या. "करोना गेला, ताई गेल्या नाहीत," असं कुणीतरी म्हणालं होतं. एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही घालता म्हणून मला धीर आहे हो. एकटी असते तर मीपण काढला असता लाजेपायी."

मी मास्कच्या आत हसले. म्हणजे, वाकडं हसले. त्यांना कुठे दिसणार होतं? आजाऱ्याला जपणारी ती बाई आणि तोंड लपवणारी मी, एकाच ओळीत उभ्या होतो आणि मी तिला ते कळू दिलं नाही.

आता त्या मुलीचं सांगते.

ती दुसरीत होती. पहिली तिची घरातच गेली. फोनवर अभ्यास यायचा, पण तिच्या घरातला फोन बापाबरोबर खोपोलीला कारखान्यात जायचा. शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन महिने आली तेवढीच. बारीक चणीची, तेल लावून घट्ट दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. इतकं लक्ष देणारं मूल पाहून आधी मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की नुसतं बघते, करत काहीच नाही. पुस्तक उघडा म्हटलं की आधी शेजारणीकडे बघायची, तिने उघडलं की ही उघडायची. प्रश्न विचारला की हसायची. कविता सगळी म्हणत असताना हिचे ओठ भलतेच हलायचे.

पहिली-दुसरी माझ्या खोलीत, तिसरी-चौथी सरांच्या; दुसरीचं गणित आणि परिसर मात्र सर येऊन शिकवायचे, मराठी-इंग्रजी माझ्याकडे. एकदा मी सरांना म्हटलं, "ही मुलगी काही कामाची नाही. डोक्यात काही शिरतच नाही."

"माझ्याकडे तर बरी आहे की," सर म्हणाले. "वजाबाकी चटकन करते. विचारलेलं सांगते."

मला वाटलं, सरांचा स्वभावच मऊ, त्यांना सगळीच मुलं बरी वाटतात. सर उघड्या तोंडाने, मुलांकडे वळून, एकेक शब्द पायरी चढल्यासारखा बोलतात, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. त्यातून काही समजून घ्यावं असं तेव्हा सुचलं नाही.

जुलैत मी श्रुतलेखन घेतलं. दहा शब्द. मामा, पाणी, बाजार, असे सोपे. वह्या तपासायला घेतल्या तर हिच्या वहीत सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: गवत, घर, घड्याळ, चमचा, चरखा. माझ्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यावरून तिने ओळीने उतरवलं होतं. मला चेष्टा वाटली. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्याच्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसला होता, मास्क आतून ओला झाला होता. मी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली.

"मी मामा म्हणते आणि ही घड्याळ लिहिते. बहिरी आहेस का गं तू?"

वर्ग खो खो हसला. तिने मागे वळून बघितलं, सगळे हसताहेत म्हटल्यावर तीही हसली. पडक्या दातांतून, मनापासून. मला त्या हसण्याचा आणखी राग आला. मी पानभर लाल गोळे केले आणि वही परत दिली.

भाताची लावणी आटोपल्यावर पालकांना बोलावलं. तिची आई डेअरीवर दूध घालून तशीच आली, हातात रिकामी किटली. मी तिला बसायलाही सांगितलं नाही, दारातच बोलले.

"हिचं डोकं अभ्यासात नाही. दुसरी झेपत नाही हिला. घरी काही घेत नाही का तुम्ही?"

"घरी तं सगळं कळतं बाई तिला," ती म्हणाली. "भावाला झोळीत घालते, चुलीवरचं उतरव म्हटलं का उतरवते. येकदा सांगितलं का पुन्हा सांगावं लागत नाय."

"घरकाम वेगळं आणि शिक्षण वेगळं. सगळ्याच मुलांना जमतं असं नाही."

हे शेवटचं वाक्य मी समजूतदारपणे, जवळजवळ मायेनेच म्हटलं होतं. ती खाली बघत राहिली. मग किटली दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "तुमी शिकलेल्या, तुमाला कळतं."

गणपती झाले आणि मुलगी शाळेत यायची बंद झाली. आठवडा गेला, दुसराही गेला. सेविकाताईंनी सांगितलं की आई गवताला जाते, धाकटा भाऊ हिच्याकडे असतो. "आई म्हणते, बाईच म्हणाल्या तिला जमणार नाय म्हणून." गैरहजर मुलांच्या घरी जाणं हे आमचं कामच. खरं सांगायचं तर मी त्या कामासाठीच गेले, मनात दुसरं काही नव्हतं.

घर गावाच्या कडेला, मागं शेत आणि पलीकडे माथेरानचा डोंगर. भाद्रपदातलं ऊन अंगावर चटके देत होतं. ओटीवर मुलगी भावाची झोळी हलवत बसली होती. मी तिच्या मागून गेले, हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं, मुद्दाम. आई आतून पदराला हात पुसत आली, लगबगीने चटई टाकली, चहा ठेवला. कपबशी पुढ्यात ठेवून म्हणाली, "तोंडावरचं काढा की बाई. घरचीच हाव आमी."

चहा नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी भिंतीकडे थोडं वळून मास्क हनुवटीखाली घेतला आणि पटापट घोट घ्यायला लागले. तेवढ्यात ती मुलगी झोळी सोडून उठली आणि माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी मान दुसरीकडे फिरवली. ती सरकून त्या बाजूला आली. माझ्या कानशिलापर्यंत गरम वाफ गेली. माझं वाकडं तोंड एक पोर इतक्या जवळून न्याहाळतंय, हे मला सहन होईना.

"काय बघतेस गं?" मी म्हटलं.

"तुमचा तोंड दिसतो आज," ती म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकत होते. जरासा घोगरा, शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या. तीन महिन्यांत तिने मला दिलेलं हे पहिलं उत्तर. मी कप खाली ठेवला.

"शाळेत का येत नाहीस?"

"भाऊ रडतो."

"उद्या येशील?"

"येन."

मला एक शंका आली. मी मास्क पुन्हा नाकापर्यंत ओढला आणि आहे त्याच आवाजात विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय?" ती माझ्याकडे बघून हसली. तेच, वर्गातलं हसू. मी मास्क खाली घेतला, तोच प्रश्न, तोच आवाज. तिने लगेच नाव सांगितलं. पुन्हा मास्क वर, दुसरा प्रश्न. हसू. मास्क खाली. उत्तर.

आई दारात उभी राहून हे बघत होती. "काय करताय बाई?"

"हिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "ही ओठ बघून ओळखते सगळं."

आई दारातून पुढे आली. मग तिने मुलीच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मोठ्याने. मुलगी माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. आई खाली बसली आणि म्हणाली, "आमी तिला हनवटीला धरून सांगतो वो काय सांगायचं ते. ल्हानपणापास्नं. का, ते कधी मनातच आलं नाय."

मी घरी आले. त्या संध्याकाळी जेवले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, बहिरी आहेस का म्हटलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, "कळलं ना आता? उद्यापासून मास्क काढ. संपला विषय." त्याच्या दृष्टीने विषय तेवढाच होता. तो बरोबरच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी मास्क लावून शाळेत गेले.

हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. त्या आधीच्या तीन महिन्यांना अज्ञानाचं पांघरूण घालता येतं. मला माहीत नव्हतं म्हणता येतं. पुढचे आठ दिवस मला सगळं माहीत होतं. शाळेच्या फाटकापाशी स्कूटर लावली, कानामागच्या दोरीला हात घातला. व्हरांड्यात मुलं खेळत होती. ती सगळी माझ्याकडे बघतील, कुणीतरी हसेल, घरी जाऊन सांगेल बाईंचं तोंड वाकडं झालंय, या विचाराने हात खाली आला.

मुलगी आली होती. नव्या वेण्या घालून, सगळ्यांच्या आधी. मला बघून धावत समोर आली आणि आपल्या हनुवटीवर बोट ठेवून खाली ओढल्याची खूण केली. काढा ना, असं.

"मला खोकला आहे," मी म्हटलं.

मास्कच्या आतून म्हटलं. जिला ते ऐकू जाणार नव्हतं तिला. माझ्या खोटेपणाचीसुद्धा तिला दखल घेता येणार नव्हती. ती थोडा वेळ उभी राहिली, मग बाकावर जाऊन बसली.

सरांना मी सांगितलं की तिला ऐकायला कमी येतं, ती ओठांवरून समजून घेते. सर हळहळले. "तरीच! माझ्याकडे कशी यायची मग तिला उत्तरं, बघा." मग तुम्ही मास्क का काढत नाही, हा पुढचा साधा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांना माझा मान ठेवायचा असेल. मीच म्हटलं, "काही दिवस ती तुमच्या वर्गात बसू दे. तुमचे उच्चार स्पष्ट आहेत." ते आनंदाने हो म्हणाले. मग ती तिसरी-चौथीच्या मुलांमध्ये कोपऱ्यात बसायला लागली. तिथे दुसरीचं मराठी कुणी शिकवत नव्हतं. दोन्ही वर्गांच्या मधलं दार उघडं असायचं. मी फळ्याकडून वळले की त्या दारातून ती दिसायची. सरांकडे न बघता माझ्याकडे बघत असायची. मी जागा बदलली, फळ्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहायला लागले.

असे आठ दिवस.

नवव्या दिवशी माझं मन पालटलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सरांना प्रशिक्षणासाठी कर्जतला जावं लागलं आणि सगळी शाळा एकट्या माझ्याकडे आली. चारही इयत्ता एका खोलीत. ती येऊन पुन्हा पहिल्या बाकावर बसली आणि वर बघितलं. यावेळी खूण वगैरे काही केली नाही. नुसती वाट बघत बसली, बस येईल न येईल अशी वाट बघतात तशी.

मी मास्क काढला. दोरी कानातल्यात अडकली, ओढताना दुखलं. सगळ्या माना वर झाल्या.

चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं तोंड असं काय?"

"आजारी होते मी. तोंड वाकडं झालं. आता हळूहळू बरं होतंय."

"माझ्या आज्याचं पण झालं हुतं," मागून एकजण म्हणाला. "त्याला तं चहापण पिता येत नव्हता."

"मग?"

"मग बरं झालं. थोडं ऱ्हायलं."

एवढंच. दोघांनी आपापल्या तोंडाचे कोपरे बोटांनी ओढून पाहिले, एक हसला, आणि मग कुणाला तरी पाणी प्यायला जायचं होतं. सहा महिने मी ज्याला भीत होते ते दोन मिनिटांत संपलं. बरं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली, की एवढ्याशासाठी!

त्या दिवशी मी दुसरीचं श्रुतलेखन पुन्हा घेतलं. तेच शब्द. मुलीच्या समोर उभी राहून, हळू, प्रत्येक शब्द दोनदा. तिने मान वर-खाली करत लिहिलं. वही घेतली. मामा म्हटलं होतं, तिने पापा लिहिलं होतं. पाणी बरोबर होतं. बाजार म्हटलं होतं तिथं माजार लिहून खोडून, विचार करून बाजार केलं होतं. मी वही हातात घेऊन ऑफिसात गेले, आरशासमोर उभी राहिले आणि आवाज न काढता म्हणून पाहिलं. मामा. पापा. बाबा. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखे मिटतात आणि उघडतात. तिने जे पाहिलं होतं ते अचूक लिहिलं होतं. मी पुन्हा वर्गात गेले तेव्हा मुलांना कळू नये म्हणून तोंड धुऊन गेले.

दुपारी सेविकाताई खिचडीच्या वेळी भिंतीपाशी आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या.

"तुम्हीपण काढलात?"

त्यांच्या सुरात राग नव्हता. सोबत सुटल्याचं दुःख होतं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. मी मास्क मुलांसाठी लावत नव्हते, तोंडासाठी लावत होते, आणि तुम्ही मला धीर समजत होतात तेव्हा मी गप्प राहिले. त्या ऐकत होत्या, डोळे तेवढे दिसत होते. डोळ्यांवरून मला काही कळेना. दोन वर्षं डोळे बघूनही मला ते शिकता आलं नव्हतं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "मग वर्गात नका घालू. माझ्याकडे येताना घाला. माझ्या माणसाला खरंच भीती हाय."

तेव्हापासून मी तसंच करत आले. मास्क पिशवीत असतो. अंगणवाडीच्या पायरीवर चढताना लावते, वर्गात शिरताना काढते. लोकांना ते विचित्र वाटतं. घालायचा की नाही, यावर गावात, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत मी कितीतरी वाद ऐकले. त्यात मी आता पडत नाही.

मुलीची पुढे तपासणी झाली. आधी तालुक्याला, मग अलिबागला. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं, बहुधा लहानपणच्या एका मोठ्या तापापासून. कागदपत्रांना चार-पाच महिने लागले. अलिबागच्या दोन खेपांना मी आई-मुलीबरोबर गेले. कानाची यंत्रं मिळाली तेव्हा दुसरी संपत आली होती. पहिल्या दिवशी तिने ती दहा मिनिटांत काढून टाकली, सगळीकडून गोंगाट येतो म्हणून. मग हळूहळू सवय झाली.

आसपासच्या शाळांचं जे केंद्र, त्याच्या शिक्षक बैठकीत केंद्रप्रमुख साहेबांनी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. 'वर्गातल्या एका मुलीचं बहिरेपण केवळ निरीक्षणाने ओळखणाऱ्या संवेदनशील शिक्षिका' असं कुणीतरी वाचून दाखवलं. सरांनीच नाव सुचवलं होतं. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, बोलायला माईक पुढे केला गेला. सगळं सांगून टाकावं असं खरंच मनात आलं होतं. 'धन्यवाद' म्हणून खाली बसले.

त्या शालीचा भार घेऊन मी भाताच्या झोडणीच्या दिवसांत, म्हणजे पुढच्या वर्षी, त्या मुलीच्या आईकडे गेले. इतके महिने लागले मला. ती खळ्यावर एकटी होती. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, तुमच्या ओटीवर मला कळलं, त्यानंतरही मी आठ दिवस मास्क काढला नाही. खोकला आहे म्हणून तिला खोटं सांगितलं. माझं तोंड लोकांना दिसू नये म्हणून. आणि त्याच्या आधी सगळ्या वर्गासमोर तिला बहिरी आहेस का म्हणून विचारलं होतं, मुलं हसली होती.

तिच्या हातात भाताची पेंढी होती.

"ते म्हायती हाय मला," ती म्हणाली. "बहिऱ्याचं. शेजारची पोर सांगत आली हुती. त्या दिशी मी लय रडले. वाटलं, बाई असं कशा बोलल्या?"

"मग तुम्ही मला काही बोलला नाहीत?"

"तुमाला काय बोलणार? तुमी बाई." तिने पेंढी आपटली. दाणे उडाले. "आठ दिसांचं म्हायती नव्हतं."

मी वाट बघत होते. काही म्हणेल, जाऊ द्या म्हणेल, किंवा रागावेल. ती झोडत राहिली. चार-पाच पेंढ्या झाल्यावर म्हणाली, "पाणी पायजे तं माठात हाय." मी पाणी प्यायले आणि निघाले. तिने माफ केलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतरही ती रस्त्यात भेटली की थांबते, बोलते. वालाच्या शेंगा आल्या की मूठभर पाठवते. पण त्या गोष्टीवर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही, आणि पहिला शब्द काढायचा हक्क माझा नाही असं मला वाटतं.

मुलगी आता मोठ्या शाळेत आहे, कडावला. मराठी तिचं अजूनही कच्चं आहे. जोडाक्षरं चुकतात, श आणि स यांत गोंधळ होतो. अक्षरओळखीचं जे वय असतं त्यातले किती दिवस माझ्यामुळे वाया गेले, याचा हिशोब मी मनात मांडते आणि दरवेळी तो आठ दिवसांपेक्षा मोठा निघतो. गणितात मात्र वर्गात पहिली येते, असं सर कौतुकाने सांगतात. सर सांगणारच.

परवा आठवडी बाजारात ती मला भेटली. उंच झाली आहे, वेण्यांच्या मागे यंत्रं दिसत नाहीत. मी नेहमीसारखी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तिचा खांदा धरला, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द ओढून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "अभ्यास... कसा... चाललाय... तुझा?"

भाजीवाली वळून बघायला लागली. मुलीने इकडे तिकडे पाहिलं, कानाकडे हात नेला आणि संकोचून म्हणाली, "बाई, हळू बोला ना. ऐकायला येतं मला."

मी खांद्यावरचा हात काढून घेतला. मग आम्ही दोघी मेथीच्या जुड्या निवडत उभ्या राहिलो, ती माझ्याकडे न बघता मला शाळेतलं काय काय सांगत होती.